पांढरा हत्ती : कुणाचा मान, कुणाचा टोमणा?

गेल्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट. नांदेडमधील आमच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाने मुलांकडून मायादेवीच्या स्वप्नाचा देखावा बसवून घेतला होता. पुठ्ठ्याचा हत्ती केला होता. त्याला चुन्याचे दोन हात दिले होते आणि सोंडेत कागदाचे कमळ खोचले होते. मायादेवी झालेली मुलगी आमच्या शेजारच्याच घरातली, नववीत जाणारी. तिचा मोठा भाऊ लातूरला खोली करून राहतो आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो. तो सुटीत घरी आला होता. देखावा संपल्यावर त्याने बहिणीला चिडवले, "तुझा हत्ती म्हणजे व्हाइट एलिफंट! आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात अर्थ दिलाय. बिनकामाची, नुसता खर्च खाणारी वस्तू."

पोरगी हिरमुसली. त्यात दोनच दिवसांनी एका दैनिकात कुठल्याशा बंद पडलेल्या योजनेची बातमी आली आणि वर ठळक मथळा होता, 'योजना ठरली पांढरा हत्ती'. तो पेपर घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "काका, तथागतांच्या आईच्या स्वप्नातला हत्ती चांगला. मग हा वाईट कामून?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, हे कबूल केले पाहिजे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या प्राण्याचे चित्र आपण भक्तिभावाने विहारात लावतो, त्याच प्राण्याचे नाव घेऊन पेपरवाले सरकारला टोमणा मारतात, हे झाले तरी कसे? मग जुनी पुस्तके काढली आणि चार जाणत्या माणसांना विचारले. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत.

हा वाक्प्रचार मूळचा मराठी नव्हे. आपल्या जुन्या बोलीत हत्ती म्हणजे श्रीमंती. 'त्याच्या दारी हत्ती झुलतात' असे आपण मोठ्या घराबद्दल म्हणतो. 'जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा' ही म्हण तर सर्वांना पाठ आहे. मेल्यावरही ज्याची किंमत वाढते, तो प्राणी तोट्याचा कसा असेल? 'पांढरा हत्ती पोसणे' हे इंग्रजीवरून, वर्तमानपत्रांच्या वाटेने आपल्याकडे आले. इंग्रजीत त्याचा अर्थ असा की, जी वस्तू मिरवायला मोठी, कामाला शून्य, सांभाळायला जबर महाग आणि जिच्यापासून सुटका करून घेणे अवघड, ती वस्तू म्हणजे पांढरा हत्ती.

इंग्रजी पुस्तकांत याची कथा दिलेली असते ती अशी. सयाम देशात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, पांढरा हत्ती पवित्र मानत. त्याला ओझे वाहायला लावायचे नाही, त्याला मारायचे नाही, विकायचे नाही. राजाची एखाद्या सरदारावर खप्पामर्जी झाली की राजा त्याला शिक्षा करत नसे. उलट मोठ्या सन्मानाने एक पांढरा हत्ती भेट देत असे. राजाची भेट नाकारणार कोण? बिचारा सरदार हत्तीला चारता चारता भिकेला लागे.

गोष्ट गमतीची आहे. शाळेतल्या मुलाला एकदा सांगितली की तो ती विसरत नाही. पण सयामचा कोणता राजा, कोणता सरदार, कोणते साल, असे विचारायला गेले तर भक्कम पुरावा पुढे येत नाही. आणि जो इतिहास पुढे येतो तो बरोबर उलटा आहे. तिकडचे राजे पांढरे हत्ती वाटत नव्हते, गोळा करत होते. सोळाव्या शतकात ब्रह्मदेशाचा राजा बायिन्नौंग याने सयामच्या आयुथया दरबाराकडे दोन पांढरे हत्ती मागितले. नकार मिळताच त्याने १५६३-६४ मध्ये मोठी फौज घेऊन स्वारी केली आणि हत्ती घेऊनच परतला. इतिहासात ही लढाई पांढऱ्या हत्तींची लढाई म्हणूनच ओळखली जाते. ज्याच्यासाठी हजारो माणसे मेली, तो प्राणी कुणी नावडत्या नोकराला देऊन टाकील काय?

दुसरे एक उदाहरण घ्या. १८५५ साली इंग्रजांचा वकील जॉन बाऊरिंग सयामला तह करायला गेला. त्या वेळचा राजा मोंगकुट हा गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे भिक्खू राहिलेला, शिकलेला माणूस. त्याने बाऊरिंगला मोठी मोलाची भेट म्हणून काय दिले असेल? पांढऱ्या हत्तीच्या शेपटीचे थोडे केस! हत्ती नव्हे, केस. पुढे १९२१ च्या कायद्याने तर तिथे असेच ठरवून टाकले की, कुणाला पांढरा हत्ती सापडला तर त्याने तो राजाला दिला पाहिजे. म्हणजे हत्तीची वाट प्रजेकडून राजाकडे जाणारी आहे, राजाकडून प्रजेकडे येणारी नाही.

जाता जाता सांगतो, हा हत्ती आपल्या विहारातल्या पुठ्ठ्याच्या हत्तीसारखा चुनापांढरा नसतो. जन्मतःच अंगाचा रंग फिका, जरा गुलाबीसर, डोळे आणि नखे फिकट, एवढेच. जाणकार लोक टाळू, नखे, शेपटीचे केस असे सगळे तपासून मगच तो 'पांढरा' ठरवतात.

मग या फिकट हत्तीला एवढा मान आला कुठून? इथे गोष्ट आपल्या घरात येते.

भरहुतच्या स्तूपाचे दगडी कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. त्यांवरील एका गोल शिल्पात मायादेवी निजलेली आहे आणि वरून हत्ती उतरतो आहे. आपल्या मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवीच्या स्वप्नाचा प्रसंग रंगवलेला आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांपाशीही हत्ती भेटतो. देहरादूनजवळ कालसी येथे शिळेवर हत्तीची आकृती कोरून खाली 'गजोत्तम' अशा अर्थाचे नाव दिले आहे. ओरिसात धौलीला तर खडकातून हत्तीचा पुढचा अर्धा भागच बाहेर आला आहे. आणि गुजरातेत गिरनारच्या शिळेवर, धम्मलेखांच्या खाली, सर्व जगाला सुख आणून देणारा श्वेत हत्ती अशा अर्थाची ओळ आहे. ज्या नावाचा अर्थ इंग्रजीत नुसता खर्च खाणारा असा झाला, त्या नावाचा अर्थ बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या मातीत सर्व जगाला सुख देणारा असा होता!

सयाम आणि ब्रह्मदेशचे राजे बौद्ध. ज्याच्या राज्यात असा हत्ती सापडला तो राजा पुण्यवान, धम्माने वागणारा, असा तिथे समज. म्हणून तर लढाया. (धम्माने वागण्याची खूण मिळवायला दुसऱ्याचा मुलूख जाळायचा, हे आमच्या बुद्धीला झेपत नाही. पण राजे लोकांचे असेच असते.)

याच ठिकाणी एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. घराघरांत असलेला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ काढा आणि सुरुवातीचे जन्माचे प्रकरण पुन्हा वाचा. महामायेचे स्वप्न तिथे आहे. तिला शय्येसह उचलून हिमालयात नेणे, शालवृक्षाखाली ठेवणे, मानसरोवरात स्नान घालणे, सगळे आहे. हत्ती मात्र नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथात सुमेध नावाचा बोधिसत्त्व तिच्यापुढे येतो, हा माझा शेवटचा जन्म आहे असे सांगतो आणि तू माझी आई होशील का, असे विचारतो. ती आनंदाने हो म्हणते. आम्ही हे प्रकरण कैक वेळा वाचले होते, पण हत्ती नाही हे आमच्या ध्यानात त्या पोरीच्या प्रश्नानंतर आले. मायादेवीला विचारले जाते, ती होकार देते. आम्हाला तर हत्तीपेक्षा हे विचारणेच मोठे वाटते. देखाव्यात हत्ती असू नये असे आमचे म्हणणे नाही, लेकरांना हत्ती हवाच असतो. पण पुढच्या साली सुमेधाचे वाक्यही घ्यावे, असे आम्ही महिला मंडळाला सुचवले आहे.

पांढऱ्या हत्तीच्या दानाची एक खरी जुनी कथा बौद्ध साहित्यात आहे, आणि तीही सयामच्या कथेच्या उलटी आहे. ती वेस्संतर जातकाची. शिवी राज्याचा राजपुत्र वेस्संतर मोठा दानशूर. त्याच्यापाशी एक पांढरा हत्ती होता. हत्ती जिथे असेल तिथे पाऊस पडतो, अशी त्याची ख्याती. शेजारी कलिंग देशात दुष्काळ पडला. तिथले आठ ब्राह्मण हत्ती मागायला आले आणि राजपुत्राने तो अंगावरच्या दागिन्यांसह देऊन टाकला. शिवीचे लोक खवळले. आमचा पाऊस दुसऱ्याला दिला म्हणून त्यांनी राजपुत्राला वनवासात पाठवले. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा मोठ्या विस्ताराने रंगवली आहे. पुढे हा राजपुत्र आपली लेकरेसुद्धा दान करतो, तो भाग आम्हाला मुळीच पटत नाही. लेकरे ही काही द्यायची वस्तू नव्हे. पण हत्तीच्या दानावर रागावलेले लोक मात्र आम्हाला अगदी ओळखीचे वाटतात.

ते का, हे लातूरकरांना सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत नळाला पाणी नव्हते, टँकरभोवती घागरींची भांडणे होती आणि शिकायला आलेली कितीतरी मुले खोल्या सोडून गावी गेली होती. त्या वेळी कुणी एक हत्ती दाखवून हा पाऊस आणतो म्हटले असते, तर त्यासाठी आपणही रांग लावली असती. पाण्याविना तडफडणाऱ्या माणसाला पांढरा हत्ती मिरवण्याची वस्तू वाटत नाही.

मग त्याचा टोमणा कुणी केला? युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी हे हत्ती पाहिले. हत्तीला वेगळा वाडा, डोक्यावर सोन्याची छत्री, खर्चाला तोडून दिलेला महसूल, चाकरीला माणसे. आणि काम काय, तर काही नाही. त्यांच्या हिशेबी डोक्याला हे वेडेपण वाटले. त्या हत्तीमागचा धम्म त्यांना दिसला नाही, खर्च तेवढा दिसला. एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत चांगलाच रुळला आणि सयामच्या राजाची गोष्ट त्याला चिकटली.

अमेरिकेत तर त्याचा तमाशाच झाला. १८८४ साली बार्नम नावाच्या सर्कसवाल्याने ब्रह्मदेशातून एक पांढरा हत्ती न्यूयॉर्कला नेला. लोक पाहायला लोटले आणि निराश झाले, कारण हत्ती राखाडीच, अंगावर थोडे गुलाबी डाग. त्याचा धंद्यातला वैरी फोरपॉ याने शक्कल लढवली. एका साध्या हत्तीला पांढरा रंग फासला आणि नाव ठेवले 'लाइट ऑफ एशिया'. हे नाव कुठले? तथागतांच्या जीवनावर एडविन अर्नोल्डने १८७९ साली लिहिलेल्या प्रसिद्ध काव्याचे! हा अर्नोल्ड एके काळी पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बुद्धांवरच्या काव्याचे नाव सर्कशीतल्या रंगवलेल्या हत्तीला. मग असा हत्ती थट्टेचा विषय झाला तर नवल काय?

ज्या राजाकडून बार्नमला हत्ती मिळाला, तो राजा थिबा. कोकणातल्या वाचकांना हे नाव माहीत आहे. ब्रह्मदेशच्या राजांची एक बिरुदावलीच होती, पांढऱ्या हत्तीचा स्वामी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबाला कैद केले आणि पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तिथे समुद्राकडे तोंड करून त्याच्यासाठी मोठा राजवाडा बांधला, तो १९१० मध्ये तयार झाला. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. पेन्शन पुरत नसे आणि दागिने विकावे लागत, असा तो राजा, आणि त्याला एवढा वाडा! पांढऱ्या हत्तीच्या शेवटच्या स्वामीला इंग्रजांनीच एक पांढरा हत्ती दिला, असे म्हणायला हरकत नाही. वाडा आजही उभा आहे. शाळेची सहल रत्नागिरीला गेली तर मुलांना तो अवश्य दाखवावा.

इथवर आम्ही इंग्रजांना दोष देत आलो. पण त्यांची गोष्ट खोटी असली तरी ती पूर्ण पोकळ आहे असे आम्हाला म्हणवत नाही. कारण आमच्या घरात असा हत्ती येऊन गेला आहे.

१९८०-९० च्या दशकातली हकिगत. आमचे चुलते अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहत. भूमिहीन माणूस. काका-काकू दोघेही दुसऱ्याच्या रानात राबत. गरिबांसाठीच्या एका सरकारी योजनेच्या यादीत त्यांचे नाव लागले. थोडे अनुदान, बाकी बँकेचे कर्ज, आणि त्यात मिळणार संकरित गाय. हा कंधारचा आणि देवणीचा मुलूख. लाल कंधारी असो की देवणी, कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर निभावणारी जनावरे. काका म्हणाले, "साहेब, गावरान द्या, नाहीतर चार शेळ्या द्या." उत्तर मिळाले की यादीत संकरितच बसते. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आणि ही तर फुकटचीही नव्हती.

गाय आली. सुरेख होती. पोरांनी तिचे नाव 'मडम' ठेवले. पहिले काही महिने दूध भरपूर निघाले, पण डेअरीची गाडी येई ती सडकेपर्यंतच, तीन मैलांवर. हिरवा चारा विकत, सरकी पेंड विकत. ज्याला गुंठाभर रान नाही त्याने घास कुठे लावायचा? उन्हाळ्यात हातपंपावर घरच्यासाठी दोन घागरी मिळायची मारामार, आणि मडमला दिवसाला चार-पाच घागरी लागत. काकू रात्री उठून नंबर लावी. डॉक्टर तालुक्याला. विकावी म्हटले तर कर्ज फिटेपर्यंत विकता येत नव्हती. आता सांगा, सयामच्या सरदाराची याहून वेगळी गत काय झाली असेल?

दुसऱ्या उन्हाळ्यात गाय मेली. विमा होता, पण त्यासाठी कानातला बिल्ला दाखवावा लागे, आणि बिल्ला कुठे काटेरी कुंपणात अडकून पडला होता कोण जाणे. मेला हत्ती सव्वा लाखाचा, मेली मडम कवडीचीही नाही. गावात ओढायला कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. मेलेली ढोरे ओढायचे काम आमच्या माणसांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर कधीच टाकले होते. आजोबा एवढेच म्हणाले, "ही ओढणं न्हाई. ही आपल्या घरची हाय." काकांनी ओढ्याच्या काठाला स्वतः खड्डा खणला आणि पोरांनी माती लोटली.

हप्ते मात्र मेले नाहीत. पुढचे दोन हंगाम काका-काकू मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेले आणि बँकेचे पैसे फेडले. थोरला चुलतभाऊ तेव्हा पाचवीत होता. त्याची शाळा त्या कोपीवर सुटली ती सुटलीच. आज तो नांदेडला बांधकामावर आहे. त्याला हा लेख वाचून दाखवला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मडम गोड होती रे. तिचा काय दोष?"

त्याचे हे बोलणे आम्हाला फार पटले. हत्तीचाही दोष नसतो. विचारल्याशिवाय माथी मारणाऱ्याचा असतो. याच सयामच्या मोंगकुट राजाने १८६१ साली अमेरिकेला हत्ती देऊ केले होते, साधे, कामाचे. उत्तर द्यायची वेळ अब्राहम लिंकनवर आली. १८६२ मध्ये त्यांनी गोड भाषेत कळवले की आमचे हवामान हत्तींना मानवणारे नाही आणि आमची कामे वाफेच्या यंत्रांनी होतात, तेव्हा आभार. लिंकनला नाही म्हणता आले. अहमदपूर तालुक्यातल्या यादीतल्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती.

हे सगळे आम्ही त्या मुलीला सांगितले, एका बैठकीत नव्हे, चार-पाच संध्याकाळी मिळून. भाऊ तोवर लातूरला परतला होता. तिने वहीत पुस्तकातला अर्थ खोडला नाही, परीक्षेत तोच लिहावा लागतो हे तिला ठाऊक आहे. खाली मात्र स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'नाकारता येत नाही, विकता येत नाही, पोसता येत नाही, अशी दिलेली वस्तू.' आणि वाक्यात उपयोग म्हणून इंग्रजीत आमच्या काकांच्या गाईचे वाक्य केले. त्यात क्रियापदाची एक चूक होती, ती आम्ही दुरुस्त करून दिली. मग तिने ते पान भावाला दाखवायला घडी घालून ठेवले. तो आता दिवाळीला येईल.